प्याल्यातली काकवी

मी गोष्ट वाढवून सांगतो अशी माझी बदनामी आहे. ती साफ खोटी आहे. मी निम्मंच सांगतो. उरलेलं निम्मं ऐकणाऱ्याला झेपणार नाही म्हणून गिळून टाकतो. ही हकीकत मात्र घडली तशीच लिहितोय. हिच्यात मी कुठंच शोभून दिसत नाही, आणि जिथं आपण शोभत नाही तिथं वाढवून करायचंय काय?

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी इस्लामपुरात होतो, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. काम काय, तर उसाचा रस नळीत घ्यायचा आणि त्यात गोडी किती ते तपासायचं. नुसत्या वासावरून ऊस कुठल्या शिवारातला आणि मालक कंजूष की उदार, एवढं मी सांगत असे. साहेब लोक माझ्या जिभेला वचकून असत. आणि रविवारी मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. मंडळी म्हणजे वीस-बावीस घरं, कौलारू देऊळ, एक घंटा आणि पाळकसाहेब. पण पंच म्हटल्यावर चालण्यात जो एक डौल येतो, तो आमदाराच्याही चालण्यात मी पाहिलेला नाही.

तीन पिढ्यांचा ख्रिस्ती आहे मी. साताऱ्यात मिशनच्या आवारात जन्मलो, वडील शाळामास्तर. पाळण्यात असतानाच मला दहा आज्ञा येत होत्या. अकरावी असती तर तीही म्हणून दाखवली असती. बक्षिसात मिळालेली पवित्र शास्त्रं, म्हणजे बायबलं, एकावर एक ठेवून त्यांच्यावर चढून मी फळीवरचे लाडू काढत असे. म्हणजे देवाचं वचन माझ्या पायाखाली भक्कम होतं. पोटात लाडू होते.

तर या पंचाकडं एक खास काम होतं. आमच्यात दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असे, प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं. मेजावर पांढरं कापड, ताटात पावाचे कडा काढलेले बारीक तुकडे, आणि लाकडी तबकात बोटाएवढे काचेचे पेले. त्या पेल्यांतला द्राक्षरस मी करायचो. शनिवारी सकाळी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या, तलम फडक्यातून गाळायच्या. अकरा वर्षं हे काम माझ्याकडं होतं. पहिल्या वर्षी मनुका कुस्करताना मी मनात स्तोत्र म्हणायचो, हे मला आठवतं. पुढं पुढं मी मनुका कुस्करता कुस्करता रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला लागलो. विकेट पडली की रस जास्त निघायचा.

त्या उन्हाळ्यात प्रभुभोजनाच्या आदल्याच शनिवारी जवळच्या गावाला जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान होतं. मी गेलो. देवळातली तयारीची सभा बुडवली. कुस्त्या अशा झाल्या की धुरळ्यानं सूर्य दोन तास दिसला नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो. रविवारी पहाटे बायकोनं उठवलं आणि विचारलं, "अहो, रस कुठं ठेवलाय?"

मी ताडकन उठून बसलो. भिजवायचं राहू द्या, मनुकाच आणल्या नव्हत्या. दुकानं बंद, नऊला घंटा.

माणूस संकटात सापडला की देवाचा धावा करतो म्हणतात. मी शेजाऱ्याचा केला. त्याच्या गुऱ्हाळाची काकवी त्याच्याकडं बारा महिने असायची. तांब्याभर आणली, पाण्यात सोडली, आमसुलं चोळून टाकली. रंग असा उतरला की खुद्द द्राक्षानं लाजावं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "देवाच्या मेजावर काकवी?"

"काकवी काय सैतानानं केली? ऊस कुणी उगवला?"

"ऊस देवानं उगवला. लबाडी तुम्ही उगवलीत."

"गाळायला फडकं दे," मी म्हणालो.

खरं सांगतो, भीती एवढीच होती की पकडला जाईन. उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द उच्चारले. पहिला पेला ते स्वतः घेत, मग आम्ही पंच, मग तबक बाकांवरून फिरे. साहेबांनी पेला ओठाला लावला. मी डोळे मिटले, पण एक उघडा ठेवून. साहेबांच्या चेहऱ्यावर शांती. माझ्या शेजारचे दुसरे पंच म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी पेला असा मारला की जणू रमचा पेग. त्यांच्याही चेहऱ्यावर शांती. तबक शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आलं. सगळीकडं शांती. बाहेर आल्यावर हवालदारांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "पंच, आज रस एकदम बढिया! लय दिसांनी असा झाला गड्या!"

मी सुटलो. सुटलो म्हणून देवाचे आभारसुद्धा मानले, बघा निर्लज्जपणा.

चपला घालत होतो तेवढ्यात मागून कुणीतरी सदरा ओढला. कडेगावकडची आज्जी. ही बाई आमच्या मंडळीत वर्षातून चारदाच दिसे, प्रभुभोजनाच्या रविवारी. तिच्या गावात तिच्याशिवाय ख्रिस्ती माणूस औषधालासुद्धा नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यात बहिणीच्या उशाशी बसली असताना तिनं प्रभूचं नाव ऐकलं होतं आणि बाप्तिस्मा आमच्याकडं घेतला होता. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. प्रभुभोजन आलं की आदल्या दिवशी पायी सडकेला यायची, एसटी धरायची आणि पाळकसाहेबांच्या सोप्यात मुक्काम टाकायची. अक्षराची ओळख नव्हती.

"आवं पंच," ती हळूच म्हणाली, "आज प्याल्यात काय हुतं?"

"मनुकंचा रस, आज्जी. नेहमीचाच."

"काकवीवानी लागला वं."

"छे! काकवी कशाला असंल?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत संशय नव्हता, तोच तर घोटाळा. "मग माझंच तोंड खराब झालं आसंल," ती म्हणाली. "तीन म्हैने वाट बघिटली, आन् ऐन येळंला तोंडानं दगा दिला." दोन पावलं गेली आणि वळली. "पर तुमी बी प्यालासा की. तुमास्नी न्हाई लागलं तसं?"

मी म्हणालो, "न्हाई."

आणि हे मात्र खरं होतं! तेव्हा मला झिणझिण्या आल्या. सबंध तालुक्याच्या उसाची गोडी सांगणारी माझी जीभ. मी स्वतःच्या हातानं त्या पेल्यात काकवी ओतली होती आणि पिताना मला काकवी लागली नव्हती. मनुकाही लागल्या नव्हत्या. काहीच लागलं नव्हतं. पेला ओठाला लागला त्या क्षणी मी हिशेब करत होतो की कालचं मैदान कोण मारणार होतं आणि कुणी मारलं. किती वर्षं असं चाललं होतं? मला आठवेना.

त्या दिवसापासून माझं बूड जमिनीला लागेना. जेवायला बसलो की प्रार्थना तोंडातून आपसूक बाहेर पडायची, नळ उघडल्यासारखी, आणि मी आपलाच आवाज ऐकत बसायचो: हा कोण बोलतोय? शास्त्र उघडलं की ओळ सुरू व्हायच्या आधीच मला तिचा शेवट माहीत. माहीत असलेलं वाचायचं कशाला? मिटायचो. मिटलं की चैन पडायचं नाही. पुन्हा उघडायचो. प्रयोगशाळेत एका दिवसात तीन नळ्या फोडल्या. त्या तीनच होत्या, लोक तेरा सांगतात.

डोळ्यांसमोर आज्जीचं तोंड. भूक तिला लागली होती म्हणून चव कळली. मला भूकच नव्हती. आणि भूक नाही हे कळल्यावर जी हुरहुर लागते, तिला काय म्हणायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचं प्रभुभोजन आलं. या वेळी मनुका शुक्रवारीच आणल्या, दुप्पट आणल्या. रस असा दाट केला की चमचा उभा राहावा. रविवारी आज्जी आली होती, मी तिची नजर चुकवली. ताट माझ्यापुढं आलं आणि माझा हात वर उचलेना. मी ते तसंच पुढं हवालदारांकडं सारलं. तबक आलं, तेही सारलं.

वाचकाला वाटेल, त्यात काय एवढं? पण आमच्यात रीत अशी, की मनात कुणाशी भांडण असेल तर आधी मिटवायचं आणि मगच मेजाशी यायचं. भोजनाच्या आदल्या दिवशी त्यासाठी तयारीची सभाच असते. तेव्हा पंचानं, तोही मेज लावणाऱ्या पंचानं, ताट पुढं सारलं याचा अर्थ मंडळीनं एकच काढला: पंचाचं कुणाशी तरी हाडवैर आहे. आणि ज्याच्या ज्याच्या मनात चोर होता, त्याला वाटलं की ते आपल्याशीच.

दुपारच्या जेवणाआधी पहिली थाप पडली. हवालदार. काखेत जिवंत कोंबडा.

"पंच, माझ्यावर राग धरू नगा," ते म्हणाले. "नाताळात तुमचा जो कोंबडा गेला तो कोल्ह्यानं नव्हता नेला."

"मग?"

"लय चांगला हुता, गड्या." त्यांनी मिशी पुसली. "हा त्याच्या बदली."

ते जातात न जातात तोच पेटी वाजवणारे आले. मी गायला लागलो की ते मुद्दाम पट्टी चढवत असत, माझा आवाज फाटावा म्हणून, सहा वर्षं. मग शाळेतल्या बाई. माझ्या बायकोला लोणचं घालता येत नाही असं त्या चार घरी बोलल्या होत्या. मग आणखी एकजण, मग आणखी दोघं. दोन दिवसांत माझ्या पाठीमागं काय काय चाललं होतं त्याचा अख्खा इतिहास मला घरबसल्या मिळाला. अंगणात इतकी गर्दी झाली की एसटीवाल्यांनी तिथं थांबा द्यावा. लोक रडत होते, गळ्यात पडत होते, आणि मी मधे उभा राहून सगळ्यांना क्षमा करत होतो, जणू दरबार भरवलेला कलेक्टर. ज्या गुन्ह्यांचा मला पत्ताच नव्हता त्यांची!

पाळकसाहेब आनंदून आले. "सलाम, पंच. तुमच्यामुळं मंडळीत जागृती आली," ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्याला ते नम्रता समजले.

सगळे गेल्यावर बायको समोर येऊन उभी राहिली. लोणच्याचा राग नाकावर होताच. "आता एकदाचं सांगा, माझ्यावर रुसलाय का? म्हणजे मी पण माफी मागते आणि भाकरी टाकायला मोकळी होते."

"तुझ्यावर नाही गं."

"मग कुणाशी आहे भांडण? देवाशी?"

मी उठून कोंबड्याला दाणे टाकायला गेलो. देवाशी भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडायला येणंजाणं लागतं. माझं त्याच्याकडं येणंजाणंच बंद पडलं होतं, आणि बंद पडलंय हे अकरा वर्षं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. कारण घर त्याचं, किल्ल्या माझ्याकडं.

मग मी भुकेच्या मागं लागलो. साताऱ्याला तंबू ठोकून तीन दिवसांच्या मोठ्या सभा होत्या. रजा टाकून गेलो. तिथं मी असा रडलो, असा रडलो, की तंबूचे दोन खुंट उपटले. वक्ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, या बंधूला बघा. मला वाटलं, आलं हाताला काहीतरी. परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या स्टँडवर उतरलो, गरम भजी घेतली. चौथ्या भज्याला माझ्या लक्षात आलं की साताऱ्याचं सगळं ओसरलंय आणि भज्यात ओवा कमी आहे एवढंच मनात उरलंय.

उपासही करून बघितला. पोटात भूक लागली; आत, जिथं लागायला हवी होती, तिथं नाही. उपास सोडताना मात्र मी सात भाकरी खाल्ल्या. बायको नऊ म्हणते.

एक गोष्ट मी करत नव्हतो, आणि ती मला चांगली ठाऊक होती. आज्जीला खरं सांगायचं होतं. पाळकसाहेबांना सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचो. दरम्यान मी मंडळीतला जागृतीचा माणूस म्हणून मिरवत होतो. लोक मला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला बोलवत. आणि आजारी बरेही होत, हा आणखी ताप!

असे आणखी तीन महिने गेले. तिसऱ्या भोजनाच्या आदल्या शनिवारी सकाळी तयारीची सभा भरली. पाळकसाहेब रिवाजाप्रमाणं विचारत गेले, "कुणाचं कुणाशी काही आहे का?" आणि जो तो उठून म्हणत गेला, "काही नाही, शांती आहे." माझ्यावर पाळी आली. उठलो. तोंडात तेच शब्द तयार होते. ते बाहेर पडले असते तर आज मी कुठं असतो कोण जाणे.

"उन्हाळ्यातल्या भोजनाला," मी म्हणालो, "मी तुम्हा सगळ्यांना काकवी पाजली."

कुणाला काही समजेना. मग मी सगळं सांगितलं. कुस्त्या, गुऱ्हाळ, आमसुलं. आज्जीशी खोटं बोललो तेही. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना, कॉमेंट्रीचंसुद्धा सांगितलं. आणि शेवटी हे, की मला भूक नाही. ताट सारलं ते कुणाच्या वैरापायी नव्हे. मेजावर जे ठेवलंय ते मला नकोच होतं, आणि नको आहे याचीही खंत मला कुणा दुसऱ्यानं लावून द्यावी लागली.

आणि मग जो काय गोंधळ उडाला! हवालदार उभे राहिले. "म्हंजी मी काकवीला आमेन म्हटलं?"

"माझा खोकला त्याच दिशी थांबला हुता," मागून एक म्हातारी म्हणाली.

"थांबंलच की मावशी, काकवीनं थांबतोच खोकला!"

"आन् माझा कोंबडा?" हवालदारांना एकदम आठवलं. "माझ्यावर राग नव्हताच तर माझा कोंबडा परत द्या!"

लोक हसायला लागले. मीही हसलो असतो. पण पाळकसाहेब हसत नव्हते. ते मेजाला धरून उभे होते. हसणं विझत विझत थांबलं, तेव्हा ते म्हणाले, "पहिला पेला मी घेतला होता."

हवालदार खाली बसले.

"मलाही कळलं नाही," ते म्हणाले. "त्या वेळी मी मनात दुपारच्या लग्नाचं प्रवचन जुळवत होतो. या एवढ्या देवळात एकट्या एका बाईला कळलं, आणि आम्ही तिला तिचंच तोंड खराब ठरवून घरी धाडलं." त्यांनी मेजावरच्या कापडाची घडी केली. "उद्या उपासना होईल. प्रभुभोजन होणार नाही. ज्याला मनापासून पाहिजे असेल त्यानं येऊन मागावं. तेव्हा मेज लावू."

सगळे घरी गेले. आता एक लाजिरवाणी गोष्ट लिहितो. वाटेत मला पहिल्यांदा जे वाटलं ते पश्चात्तापाचं नव्हतं. मला वाटलं, चला, आज मनुका भिजवायच्या नाहीत.

रविवारी उपासना चालू असताना आज्जी आली. या खेपेला तिची शनिवारची एसटी चुकली होती. पहाटे उठून निघाली होती, निम्मी वाट पायी आणि निम्मी कुणाच्या ट्रकातून. धुळीनं माखलेली, शेवटच्या बाकावर बसली आणि मान उंच करून मेजाकडं बघू लागली. मेज उघडं होतं. तिला वाटलं असावं, मांडतील थोड्या वेळानं. आशीर्वाद झाला, लोक उठले. ती उठेना.

"झालं?" ती मोठ्यानं म्हणाली. "आन् भाकर?"

सगळे चपला शोधायला लागले. पाळकसाहेबांनी जवळ जाऊन तिला समजावलं की आज मेज नाही. ज्याला पाहिजे त्यानं मागायचं असं ठरलंय.

"मग कुनी मागितली न्हाई व्हय?"

"नाही, आज्जी."

"मी मागतीया की! द्या मला."

एवढंच. जणू दारात आलेल्या माणसानं पाणी मागावं. मी पुढं गेलो, तिच्या बाकापाशी खाली बसलो आणि म्हणालो, "आज्जी, तुमचं तोंड खराब नव्हतं. ती काकवीच होती. मी खोटं बोललो."

तिनं मला नीट न्याहाळलं. मग तिचा खुरप्यानं घट्टे पडलेला हात वर गेला आणि माझ्या डोक्यात अशी टपली बसली की साताऱ्यापर्यंत आवाज गेला असेल.

"आरं भाड्या!" ती म्हणाली. "मला वाटलं मिस्रीनं माझी चव गेली. चाळीस वर्सांची मिस्री सोडली मी! सा म्हैने दातांस्नी तंबाखूचं बोट लावलं न्हाई. डोकं दुखून दुखून भितीवर आपटलं. का? तर इथनं फुडं प्रभूच्या प्याल्याची चव नीट कळावी म्हनून!"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी हसलो नाही. मी तिच्याकडं बघत राहिलो आणि माझ्या आत काहीतरी भडभडून आलं, पण ते साताऱ्याच्या तंबूतलं रडणं नव्हतं. तो हेवा होता. सरळ, उघडा हेवा. लहान मूल दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडं बघतं तसा. एवढं हवंसं वाटण्याजोगं त्या मेजावर होतं, आणि मी अकरा वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून पेले पुसत होतो!

"बसलायसा काय?" आज्जी म्हणाली. "उठा. कायतरी भिजत घाला."

बायको कधी घरी गेली ते मला कळलंच नाही. डब्यातल्या होत्या नव्हत्या त्या मनुका घेऊन ती आलीही. पाळकसाहेबांच्या चुलीवर पाणी कढत केलं, त्यात टाकल्या. आता फुगायला वेळ लागणार. बरेच लोक जेवायला गेले. मी त्यांना नावं ठेवत नाही, एरवी मी सर्वांत आधी गेलो असतो. आठ-दहा माणसं राहिली. कुणी गायलं नाही, कुणी प्रार्थना सांगितली नाही. काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. मी चुलीपाशी जायचो, झाकण उघडायचो, मिटायचो, देवळात यायचो, परत चुलीपाशी. हवालदार वैतागले. "पंच, एका जागी ऱ्हावा की! सेंट्री ड्यूटी लागलीय काय?" मला राहवत नव्हतं. बारा वाजले, एक वाजला. पोटातली भूक लागून मेली. दुसरी मेली नाही. ती वाढत होती, आणि ती माझी आहे की त्या म्हातारीची मला लागलीय, हे मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी मेज लागलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "आज्जींनी मागितलंय. आणखी कुणाला पाहिजे?"

ज्याच्या लांबलचक प्रार्थनेला लोक डुलक्या काढत तो मी. मला एकच शब्द बाहेर काढता आला. "मला."

इथं स्वर्ग उघडला असं मला लिहिता येईल. माझ्या सवयीला ते सोपं आहे. तसं काही झालं नाही. रस घाईत गाळलेला; एक साल माझ्या दातात अडकली. हवालदार रडत होते, पण मिशीआडून, म्हणजे पुरावा नाही. पाळकसाहेबांनी या खेपेला पेला सावकाश रिकामा केला. मी खाल्लं, प्यालो, आणि भूक भागली नाही. उलट ती आता जागेवर येऊन बसली, जशी काही मुक्कामालाच आली आहे. मला तिची भीती वाटली आणि ती जाऊ नये असंही वाटलं.

दुपारनंतर आज्जीला एसटीत बसवायला गेलो. खिडकीपाशी बसल्यावर ती म्हणाली, "पंच, शास्त्र हाय न्हवं जवळ? एक वाक्य वाचा. फकस्त एकच. तीन म्हैने पुरवायचं हाय."

मी उघडलं आणि सवयीनं झरझर वाचायला लागलो. "आवं, हळू!" ती ओरडली. "गाडी तुमची सुटलीया का माझी?" मी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द घेत सुरू केलं. ती ओठ हलवत मागून म्हणत होती. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी शेजारून चालायला लागलो, मग पळायला लागलो, डोळे पानावर. एका हातगाडीला धडकलो, दोन शेळ्या उधळल्या, कंडक्टर मला शिव्या घालत होता आणि मी त्याच्या गाडीबरोबर पळत देवाचं वचन ओरडत होतो. सडकेच्या वळणाला गाडीनं वेग घेतला. वाक्य अर्धं राहिलं.

रस्त्याच्या मधोमध उभा राहून मी उरलेलं अर्धं वाचलं. पाठच होतं ते मला, लहानपणापासून. पण त्या दिवशी त्याचा शेवट काय होणार, हे मला वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी ते परत वाचलं. मागून एक बैलगाडीवाला "सर की रं बाजूला" म्हणून ओरडत होता.

आठवडाभर मला एकच रुखरुख. तिच्याकडं अर्धंच गेलंय. तीन महिने ती अर्ध्यावर कशी काढणार? आणि खरं सांगू का, तिच्याइतकीच मला माझी काळजी होती. ते वाक्य कुणाबरोबर तरी, ज्याला त्याची चव कळते अशा कुणाबरोबर, पुन्हा म्हटल्याशिवाय मला करमत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी सायकल काढली.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"कडेगावकडं."

"सायकलवर? डोकं ठिकाणावर आहे का? संध्याकाळपर्यंत तरी याल?"

मी शास्त्र फडक्यात गुंडाळून हँडलला बांधत होतो. "बघू," म्हणालो. ती आत गेली. मला वाटलं चिडली. ती बाहेर आली ती पदर खोचून, हातात भाकरीचं फडकं घेऊन, आणि मागच्या कॅरिअरवर बसली.